नारिंगी शेपटीचा गप्पी

रविवार, पौर्णिमा. संध्याकाळचे सात.

सकाळी विहारात पंचशील घेतलं. प्राणिहत्या करणार नाही, खोटं बोलणार नाही, सगळं नेहमीसारखं. आणि दुपारी माशांच्या टाकीतली झाडं छाटायला बसलो. माजली होती, कधीतरी छाटायचीच होती. पण आजच?

आमचा शिकारी मासा वाघ्या. त्याला खायला म्हणून कसब्यातल्या दुकानातून आणलेल्या गप्पी माशांपैकी एकच उरला होता, नारिंगी शेपटीचा. तीन आठवडे तो त्या झाडांच्या दाटीत लपून जगला. "बाबा, हा वाघ्याला गंडवतो," म्हणत सांची रोज मला दाखवायची. बाकीच्यांचं कधी काही वाटलं नाही. याचंच का वाटतंय?

मी कात्री चालवत असताना वाघ्या जवळ येऊन थांबला, ते मी पाहिलं होतं. ती नारिंगी शेपटीही पाहिली होती. तरी हात थांबला नाही. आडोसा गेला आणि वाघ्याने त्याला एका झडपेत गिळलं. टाकी छान दिसावी, एवढंच मनात होतं? खरंच?

सांची क्लासहून आली आणि त्याला शोधायला लागली. मी म्हणालो, "असेल गं दगडामागे."

दुपारी तिथेच असलेल्या बायकोचा स्वयंपाकघरातून आवाज आला. "अहो, सकाळी पाच शीलं घेतलीत ना? उरली किती?"

सांची अजून काचेला नाक लावून बसली आहे.