बेटावरून पुसलेलं घर

१४ जानेवारी, मंगळवार

आज एक अख्खं घर पुसलं!

संक्रांत असून सुट्टी नाही. बाहेर सगळं प्रताप नगर पतंग घेऊन गच्चीवर चढलेलं, 'ओ पार, ओ पार' करून नरडी फाडून राहिलेलं, आणि मी खिडकी लावून कॉम्प्युटरवर घर पुसत बसले. मातकट भिंत, उतरतं पत्र्याचं छप्पर, बाजूला कपड्यांची दोरी. सगळं काढून तिथं वाळू भरली. त्या वाळूवर पुढे शेजारच्या टेबलावरचा विक्की रिसॉर्टच्या झोपड्या उभ्या करेल — एसीच्या!

नवीन काम म्हणजे एक बेट. क्लायंट त्याला 'आयलंड थ्री' म्हणतो, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. कुठल्या तरी समुद्रात आहे. ड्रोननं घेतलेलं शूटिंग त्यांनीच पाठवलं. आमच्या स्टुडिओनं नको ते काढायचं, हवं ते घालायचं, आणि गुळगुळीत फिल्म करून द्यायची. रिसॉर्टची एक वीटही अजून लागलेली नाही, पण आमच्या फिल्ममध्ये लोक पोहायला लागलेत!

ऋषिकेश सरांचं एकच पालुपद — "बेट एकदम कोरं दिसलं पाहिजे, भूमिका. कोणाचा पायच नाही पडला असं." स्टुडिओ त्यांचा, तेव्हा कोरं तर कोरं.

विक्कीनं टोमणा मारलाच. "अन् सावली पण पुसजो वं, सावलीबाई!" दिवाळीआधी कळमेश्वर रोडच्या एका ले-आउटच्या फिल्ममधून मी विजेचा खांब काढला आणि त्याची सावली रस्त्यावर तशीच राहिली. क्लायंटचा फोन — खांब नाही तर सावली कोणाची? प्लॉटवर भूत आहे काय? तेव्हापासून मी सावलीबाई. जळो ते नाव.

१६ जानेवारी, गुरुवार

त्या घरात एक बाई आहे!

त्याच घराचा दुसरा शॉट आहे, सकाळचा. ऊन तिरपं, वाळूवर माडांच्या लांबच लांब सावल्या. क्लायंटला फिल्मच्या शेवटी हाच हवा. तर ही बाई दारातून बाहेर येते, हातात झाडू. वर बघते. झाडू टाकून देते आणि हात हलवायला लागते. ड्रोन पुढे जाईस्तोवर हलवतच राहते. कोणी पाहुणा दिसावा तशी!

मीही इकडून हात हलवला. विक्की पाहून राहिला होता. "बयाड झाली काय वं?"

सरांना विचारलं, लोक राहतात का तिथं? म्हणाले, "हंगामी असतात. मासे पकडाले येतात, जातात. अन् टुरिस्टले माणसं नाही पाहिजे, समुद्र पाहिजे."

असेल बाबा. मी समुद्र पाहिलेला नाही. फुटाळा तलावाच्या पुढे माझी मजल नाही. बाईला पुसायला दुपार गेली, हलतं माणूस पुसणं फार किचकट.

२१ जानेवारी, मंगळवार

शेळी गेली. होड्या गेल्या. कपड्यांच्या दोरीनं मात्र जीव खाल्ला — वारा आहे ना, एकेक कपडा वेगळा हलतो.

३० जानेवारी, गुरुवार

दिली एकदाची फिल्म! शेवटच्या शॉटचं राहिलेलं काम तर सरांनी डोक्यावर उभं राहून घाईघाईत करवून घेतलं. क्लायंट खूश. सरांनी सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले. मी दोनदा तर्री घेतली, आता पोटात आग पडली आहे.

काम गेलं की मूळ शूटिंग उडवायचं, असा आमचा नियम. पुढच्या कामाला जागा लागते. मीच उडवलं आणि पोहे खायला पळाले.

घरी पेढे नेले. आईला फोनवर फिल्म दाखवली. ती चष्मा लावून पाहत बसली. "किती सुंदर वं माय! पण इतकी चांगली जागा अन् कोणीच काहून नाही राहत तिथं?" मी म्हटलं, आई, तेच तर माझं काम आहे! आणि हसले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जामठ्याकडचं ले-आउट. खांबच खांब. सावल्या तपासून डोळ्यांचं भजं झालं.

३ मार्च, सोमवार

जसं आठवतं तसं लिहिते.

दुपारी ऑफिसचा फोन वाजला. मीच उचलला. बाईचा आवाज, हिंदी तुटक. "आपने हमारा घर निकाला?" मला वाटलं फ्लॅटची जाहिरात बघून कोणी विचारतंय. म्हटलं, कौनसा प्रोजेक्ट? ती म्हणाली, "पेरुंती."

बेटाला नाव आहे. पेरुंती! इतके दिवस त्याच्या वाळूचा कण न् कण साफ केला आणि नाव मला आज कळतं!

तिचं नाव झुलेखा. फिल्मच्या शेवटी आमच्या स्टुडिओचं नाव आणि नंबर येतो, तिथून तिनं फोन शोधला. बेटावर सभा झाली म्हणे, रिसॉर्टबद्दल. मोठ्या पडद्यावर आमची फिल्म लावली आणि सांगितलं — बघा, या किनाऱ्यावर कोणी राहत नाही. तिची आई पहिल्याच रांगेत बसली होती. फिल्म आवडली तिला! आपलं घर कधी येतं म्हणून वाट पाहत बसली. फिल्म संपली तेव्हा मुलीला विचारते — "मेरा घर किधर गया?"

मागच्या आठवड्यात घर पाडलं. खरोखरचं. मशीन लावून.

आता सगळे एका मावशीच्या पडवीत राहतात. कालपासून रोजे सुरू झाले. पुढच्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी सुनावणी आहे. तिथं दाखवावं लागेल की घर होतं. घर तिच्या आजोबांनी बांधलेलं, तेव्हा बेटावर कागद देणारं कोणी नव्हतंच. फोनमधले फोटो चालत नाहीत. त्यात भिंत दिसते, ती कुठलीही असू शकते म्हणतात. घर होतं तर फिल्ममध्ये काहून नाही, हा त्यांचा सवाल. दाखवता आलं तर त्याच किनाऱ्यावर जागा मिळेल. नाही तर बेट सोडायचं.

तिला पहिलं शूटिंग हवं आहे. घर असलेलं. "आपके पास होगा ना, दीदी?"

बघते म्हटलं. बघते म्हटलं मी! काय बघणार? माझ्याच हातानं उडवलंय!

४ मार्च, मंगळवार

विक्कीनं सगळ्या डिस्क धुंडाळल्या. जेवलासुद्धा नाही. कुठंच काही नाही, त्या जागेवर जामठ्याचं शूटिंग येऊन बसलंय. आज एकदाही सावलीबाई म्हणाला नाही.

सरांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, पण थोडाच वेळ. "हे पाय भूमिका, आपण पिक्चर बनवतो. त्याचं कोण काय करते ते आपल्या हातात नाही. तू तो फोन आता उचलू नको." मी म्हटलं, क्लायंटकडे मूळ शूटिंग असेल, मागू का? "तो देईल तुले? येडी आहेस काय?"

सर वाईट नाहीत. माझ्या आजारपणात पूर्ण पगार दिला होता त्यांनी. म्हणून तर जास्तच धक्का बसला.

६ मार्च, गुरुवार

घरी सांगितलं. वाटलं होतं बाबा समजूत घालतील. जन्मभर कळमेश्वरच्या कारखान्यात काढलेला माणूस, साहेबांपुढे कुणाचं चालत नाही हे त्यांना ठाऊक. ताट सरकवलं त्यांनी. "एका मायचं घर पुसलं, अन् आम्हाले पेढे खाऊ घातले?"

आई म्हणाली, पोरीले काय मालूम होतं! बाबा म्हणाले, "ते बाई हात हालवून राहिली होती, हे तं मालूम होतं."

मी उठून मोरीत जाऊन रडले. नळ सोडून रडले, तरी ऐकू गेलंच असेल.

७ मार्च, शुक्रवार

झुलेखाला गच्चीवरून फोन केला. खरं सांगून टाकलं — शूटिंग नाही, मीच उडवलं, घरही मीच पुसलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "अम्मी ने हाथ हिलाया था. वो भी निकाला?"

हो म्हटलं.

अम्मीला वाटलं होतं, सरकार वादळानंतरची घरं मोजायला आलंय. आपलं घर सुटू नये म्हणून हात हलवत होती!

मला या नोकरीची, या हाताची, त्या पेढ्यांची शिसारी आली आहे.

९ मार्च, रविवार

बाबा म्हणतात, दाखव मले ते फिल्म. मी नाही दाखवत. मला ती पुन्हा बघवत नाही.

११ मार्च, मंगळवार

सकाळी बाबांनी पुन्हा मागितली. वैतागून लावून दिली, क्लायंटच्या स्वतःच्या वेबपानावर आहे अजून. मी पाठ करून पोळ्या लाटत होते. फिल्म संपत आली आणि बाबा म्हणाले, "काय वं, घर नाही तं हे सावली कोणाची?"

लाटणं टाकून धावले. शेवटचा शॉट. घर नाही, बाई नाही. कोऱ्या वाळूवर माडांच्या सावल्या, त्यांच्यामध्ये उतरत्या छपराची लांब सावली, आणि तिच्या शेजारी एका माणसाची. हात वर. हलतोय! राहिली! माझ्याच हातून राहिली!

विक्कीला फोन केला — आधी फिल्म उतरवून घे, मग बोल. "घेतली वं सावलीबाई, दोन जागी घेतली," म्हणाला. तोही रडत होता बहुतेक.

मग झुलेखाला लावला. म्हटलं, अम्मींना जवळ बसव आणि सभेत दाखवलेल्या त्याच फिल्मचा शेवट दाखव. मग अम्मीच बोलल्या —

"ये हाथ मेरा है."