माझ्या कादंबरीवरचे प्रामाणिक अभिप्राय

४ जानेवारी, रविवार
नॉटिंगहॅमच्या आपल्या मंडळात सुप्रभाताईंचं भाषण. एका व्हिक्टोरियन लेखिकेने ओळखीच्या लेखकाला लिहिलं, तुमची कादंबरी अपूर्व आहे. त्याच दिवशी बहिणीला लिहिलं, तिसऱ्या प्रकरणात डोळा लागला, पुढे गेले नाही. सगळे हसले. मला वाईट वाटलं. आपल्या लोकांत असलं नाही. माझी कादंबरी छापायला गेली आहे. संकल्प: प्रत्येकाचं खरं मत घ्यायचं.

१० जानेवारी, शनिवार
प्रती आल्या. देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. उघडून बघावंसं वाटलं. पण नैवेद्य आधी आपण चाखत नाही. अरुणा म्हणाली, अहो, एकदा चाळा तरी, प्रिंटरला मराठी येत नाही. म्हणालो, श्रद्धा ठेव.

१७ जानेवारी, शनिवार
मंडळाची संक्रांत. प्रत्येकाच्या एका हातावर तिळगूळ, दुसऱ्या हातात कादंबरी. गोड बोला म्हटलं आणि लगेच बजावलं, मत मात्र परखड हवं. सगळ्यांनी कबूल केलं.

२५ जानेवारी, रविवार
अभिप्राय आले. मंडळातला मिलिंद म्हणतो, काका, वन सिटिंगमध्ये संपवली. ईशिताला शेवट सुपर्ब वाटला. सुप्रभाताईंचा फोन: विष्णूभाऊ, शेवटच्या पन्नास पानांबद्दल बोलायला माझ्याकडे शब्द नाहीत. बाई इंग्रजी शिकवायच्या, उगाच स्तुती करणार नाहीत.
अरुणा म्हणाली, आई जाते तिथे रडू आवरलं नाही. लग्नाला तेवीस वर्षं झाली, तिने माझं काही वाचल्याची ही पहिलीच वेळ. बाकीच्यांचं राहू दे, हे एक मत पुरे.

२६ जानेवारी, सोमवार
हॉस्पिटलमध्ये मॅनेजरला सांगितलं, मार्चपासून पार्ट-टाइम. आर यू शुअर, असं दोनदा विचारलं. म्हणालो, वाचकांची इच्छा आहे.

३१ जानेवारी, शनिवार
मंडळात शेवट वाचून दाखवायचा म्हणून प्रत प्रथमच उघडली. दोनशे पानं ठीक. पुढे कुठल्याशा बॉयलरचं मॅन्युअल. इंग्रजीत, आकृत्यांसह. आई जाते ते प्रकरण कुठेच नाही. उरलेल्या सगळ्या प्रती पाहिल्या. सगळ्यांत बॉयलर.
वाचकांना हा नवा प्रयोग वाटला असावा. सुप्रभाताईंकडे शब्द का नव्हते ते कळलं. मिलिंद तर इंजिनियरच आहे.
अरुणाचं मात्र कोडं सुटेना.

१ फेब्रुवारी, रविवार
तिला विचारलं, नक्की कुठल्या पानावर रडलीस. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, अहो, तुम्ही ऐकवता त्या प्रत्येक गोष्टीत शेवटी आई जातेच. त्यासाठी वाचायला कशाला हवं.
उद्या मॅनेजरला भेटून फुल-टाइमचं बघायचं.
तिने पान वाढलं. म्हणाली, आमटी कशी झालीय, खरं सांगा हं.
मीठ घालायलाच विसरली होती. छान झालीय म्हणालो आणि आणखी एक वाटी घेतली.