सातव्या जागेवरचा सापळा

सोमवार, २ जून

घडलं ते असं. भावना वगळून.

१. आमच्या सिल्व्हर रॅपिड्स गावच्या रेडिओवर दर सोमवारी सकाळी आइस हॉकीचा कार्यक्रम असतो. दोन वर्षं त्याचे आकडे मी काढले आणि ब्रेडनने ते वाचले.

२. गेल्या वर्षी मोठ्या लीगच्या ड्राफ्टमधल्या पहिल्या दहा निवडींपैकी सहा आम्ही आधीच बरोबर सांगितल्या. आम्ही म्हणजे मी.

३. मार्चमध्ये स्टेशनच्या लोरेनबाई म्हणाल्या, की पगार एकाचाच परवडतो, आणि ऐकणाऱ्यांना ब्रेडनचं हसणं आवडतं.

४. त्याच आठवड्यात ब्रेडनशी असलेले इतर संबंधही संपुष्टात आले. माझा वॅफल मेकर त्याच्याकडे राहिला.

५. आज गाडीत चुकून रेडिओ लागला. ब्रेडन सांगत होता, "यंदा मी एकटाच. आकडे जरा कमी, नजर जरा जास्त." आणि हसला.

मला राग आलेला नाही. ड्राफ्ट २७ जूनला आहे. तोपर्यंत स्टेशनवरची माझी खुर्ची मी परत मिळवणार आणि ब्रेडन माइकवर माफी मागणार. सूड हा शब्द वापरायचा नाही. दुरुस्ती म्हणायचं.

मंगळवार, ३ जून

ड्राफ्टचं तत्त्व सोपं आहे. जो संघ वर्षभर सगळ्यात वाईट खेळला, तो अठरा वर्षांच्या पोरांमधून सगळ्यात आधी निवड करतो. नालायकाला बक्षीस. ब्रेडनच्या बाबतीत हे तत्त्व चालू देणार नाही.

त्याला नजर वगैरे काही नाही. तो माझे आकडे चोरणार. माझी जुनी ऑनलाइन शीट त्याला अजून उघडता येते. मी ती मुद्दाम बंद करणार नाही. (तिच्या दुसऱ्या पानावर आई कोल्टनच्या जेवणाचं लिहून ठेवते. त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.)

नकाशा काढणारे म्हणे चोर पकडण्यासाठी नकाशात एखादी नसलेली गल्ली घालतात. मीही पहिल्या दहांत एक नसलेली गल्ली घालणार. ती ब्रेडनच्या यादीत दिसली, की पकडला.

रात्री: गल्ली सापडली. ती वरच्या मजल्यावर राहते.

बुधवार, ४ जून

कोल्टन विबे. बचावपटू. मॅनिटोबातल्या शेतावरचा. आई दर वर्षी गावच्या हॉकी क्लबचा एक खेळाडू घरी ठेवून घेते, यंदा हा. दाराशी त्याचे बूट असले की दार पूर्ण उघडत नाही. माझं दही खातो आणि नंतर सॉरी म्हणतो.

लीगच्या जाहीर यादीत तो चौऱ्याण्णवावा आहे. माझ्या गणितात त्याहून खाली. वळताना तो इतका वेळ घेतो, की तेवढ्यात समोरचा गोल करून चहा पिऊन येईल. थोडक्यात, आदर्श आमिष.

शीटमध्ये सातव्या जागेवर त्याचं नाव टाकलं. बाकी नऊ नावं खरी. दहापैकी किमान सात येतील, सातवी सोडून.

गुरुवार, ५ जून

कागद गिरणीतल्या कामावरून दमून आले, तर माझ्या जागेवर एक मोठी भाड्याची गाडी. स्वयंपाकघरात सारख्याच जॅकेटमधले दोन पुरुष बसलेले. छातीवर कसलंतरी चिन्ह होतं. एकाने माझ्यादेखत तीन बटर टार्ट संपवले.

ते आईला भलतेच प्रश्न विचारत होते. कोल्टन ताट उचलतो का? सामना हरल्यावर काय करतो? आई म्हणाली, "हरला की मागे जाऊन लाकडं फोडतो. मग आत येऊन गोलकीपरच्या आईला फोन करतो, की तुमच्या मुलाची चूक नव्हती, मीच वळायला उशीर केला." दुसऱ्याने ते वहीत लिहून घेतलं. काय काय लिहून घेतात लोक.

मी त्यांना गाडी काढायला सांगितली. काढली. विषय संपला.

शनिवार, ७ जून

शनिवारी संध्याकाळी सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, माझा असतो. घरात सर्वांना माहीत आहे. टॉवेल घेऊन परसात गेले, तर आत आधीच धग आणि गप्पा. कालपरवाचा टार्टवाला, त्याच्याबरोबर एक पिकल्या केसांचा नवा माणूस, आणि कोल्टन. पिकल्या केसांचा टॉवेल गुंडाळून पायरीवर गार व्हायला बसला होता. मला म्हणाला, "माफ करा हं, तुमच्या आईने आग्रह केला. मुलाखतीत सगळी पोरं पाठ केलेली उत्तरं देतात. या उकाड्यात कोणाला खोटं सुचत नाही."

मी म्हटलं, माझी पाळी सातची आहे.

आईला विचारलं, कोण हे? म्हणाली, "हॉकीचीच माणसं गं. दुरून आलीत. तो म्हातारा मोठा साहेब आहे म्हणे, पण बशी स्वतः विसळली."

अंघोळ शॉवरखाली केली. यादी दोनदा तपासली. कामावर लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही.

सोमवार, ९ जून

शीट गेल्या चार दिवसांत पाच वेळा उघडली गेली. उघडणाऱ्याचं नाव दिसत नाही, पण नावाची गरज काय? मासा घुटमळतोय.

कोल्टनने न सांगता माझी गाडी धुतली. चाकांसकट. संशयास्पद.

गुरुवार, १२ जून

आई अजून ब्रेडनला पुल्ला, आमचा फिनिश गोड पाव, पाठवते. "पाव भाजला की दोन जास्तीचे होतातच," म्हणते. आज को-ऑपच्या दुकानात तो तिला भेटला. अर्धा तास उभ्या उभ्या बोलले.

मी सहज विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाला का? आई म्हणाली, "छे गं! तुझं नाव कुठे निघालं. कोल्टनचंच चाललं होतं, सौना, ते पाहुणे, ती लाकडं. त्याने मला दोन-तीनदा विचारलं, की साहेब स्वतः आला होता ना नक्की?"

अर्ध्या तासात माझं नाव एकदाही घेतलं नाही. अपराधी माणूस असाच टाळतो. आणि वॅफल मेकर परत मागायला आई विसरली.

शनिवार, १४ जून

फ्रीजमध्ये माझ्या नावाची चिठ्ठी लावलेले दह्याचे सहा डबे. कोल्टनने आणले. आईला म्हटलं, याला माझ्याकडून काय हवंय? आई नुसती हसली आणि म्हणाली, "तू दाखवत नाहीस, पण तुझं मन चांगलं आहे." याचा अर्थ लागला नाही.

सोमवार, १६ जून. सकाळी ८.४०

पकडला!

ब्रेडनने रेडिओवर यादी वाचली. सातव्या जागेवर: आपल्या गावचा कोल्टन विबे. म्हणाला, "हसा लेको, पण लिहून ठेवा." मीही हसले. पार्किंगमध्ये, एकटीच. शेजारच्या गाडीतला माणूस बघत होता.

बाकी नऊ नावांत त्याने चार बदलली आहेत. चोरी झाकायला. हेही मला अपेक्षित होतं.

मंगळवार, १७ जून

लोरेनबाईंना पाकीट नेऊन दिलं. वर लिहिलं: ड्राफ्ट झाल्यावर उघडावे. निकालाआधी आरोप केला तर लोक मत्सर म्हणतील. निकालानंतर तो फक्त पुरावा असेल.

आतला मजकूर मला स्वतःलाच आवडला. मुख्य भाग इथे उतरवून ठेवते: "सातव्या जागेवर कोल्टन विबेचं नाव मी केवळ अशक्य म्हणून घातलं होतं. त्याचं स्केटिंग म्हणजे कोणीतरी फ्रीज ढकलत नेल्यासारखं आहे. शुद्धीवर असलेला कोणताही संघ त्याला पहिल्या फेरीत काय, सातव्या फेरीतही घेणार नाही. हे नाव ब्रेडनच्या यादीत असणं हाच चोरीचा पुरावा."

लोरेनबाईंनी पाकीट हलवून पाहिलं. "तुझा अंदाज आहे होय यात?" मी म्हटलं, त्याहून जास्त आहे. त्या म्हणाल्या, "वा! जपून ठेवते."

शनिवार, २१ जून

नदीकाठी युहान्नूसची, म्हणजे फिनिश लोकांच्या भर उन्हाळ्यातल्या सणाची, होळी. सगळा गाव होता. ब्रेडन पलीकडच्या बाजूला होता, मी धुराच्या बाजूला. डोळ्यांतून पाणी आलं ते धुराने.

कोल्टन सॉसेज घेऊन आला आणि शेजारी उभा राहिला. एक माझ्या हातात दिलं. मग म्हणाला, "थँक यू, टॅरिन. मी कोणाला बोललो नाही. पण थँक यू." आणि कान लाल करून निघून गेला. दह्याबद्दल असावं. पण दही तर त्याने आणलं होतं.

शीट आता चौदा वेळा उघडली गेलीय. यादी वाचून झाल्यावरही ब्रेडन का बघतोय? पश्चात्ताप असेल.

संकल्प: माफी मागितल्यावर लगेच माफ करायचं नाही. आठवडाभर तरी नाही.

शुक्रवार, २७ जून. संध्याकाळी

रिंकच्या वरच्या हॉलमध्ये मोठा पडदा. कोल्टनचे आईवडील मॅनिटोबाहून गाडी हाकत आले. ब्रेडनच्या अंदाजापायी त्यांनी एवढा प्रवास केला. त्यांचं मला वाईट वाटलं. ब्रेडनच्या हिशेबात हेही मांडलं.

पहिली निवड: बरोबर. (सर्वांची बरोबर होती.) दुसरी: चूक. तिसरी: चूक. चौथी, पाचवी: नावं माझ्याच यादीतली, फक्त उलटसुलट. सहावी: तो पोरगा माझ्या गणितात एकतिसावा होता. संघाची चूक.

सातवी. संघाचा साहेब मंचावर आला. पिकले केस. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. मग आठवलं. हा माणूस मी टॉवेलमध्ये पाहिला होता.

त्याने कोल्टन विबे हे नाव घेतलं.

पुढचा काही वेळ नीट सांगता येणार नाही. खुर्च्या पडल्या. कोल्टनने त्याच्या आईला उचललं, मग माझ्या आईला उचललं, मग त्याचे वडील, एवढा आडमाप शेतकरी, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ब्रेडनला लोकांनी खांद्यावर घेतलं. तो वरून ओरडत होता, "माझं काही नाही! हेल्वीमावशीचं आहे सगळं! ती बोलली नसती तर मला काय कळणार होतं!" हेल्वी म्हणजे आई.

मग कोल्टन माझ्यासमोर आला. म्हणाला, "सगळे चौऱ्याण्णव म्हणत होते. तू आधीच सात लिहिलं होतंस. मिसेस के जेवणाचं लिहायला शीट उघडायच्या, तेव्हा त्यांना दिसलं. सराव वाईट झाला की त्या मला ते पान उघडून दाखवायच्या. म्हणायच्या, टॅरिन आकड्यांची आहे, ती कोणाचं मन राखायला लिहीत नाही." मिसेस के म्हणजेही आई.

मी म्हटलं, अभिनंदन. त्याने मलाही उचललं. खरं सांगायचं तर तो फ्रीजसारखा नाही. फ्रीज इतका थरथरत नाही.

शनिवार, २८ जून. सकाळी

निकाल. ब्रेडन: दहापैकी चार. मी: दोन. त्यातली एक सर्वांनाच येत होती आणि दुसरी मी मुद्दाम चुकवली होती.

शीट चोरली गेली नव्हती. ब्रेडनला आईमार्फत विचारलं. म्हणाला, "कुठली शीट? ती अजून आहे?" वॅफल मेकर त्याने मार्चमध्येच आमच्या पोर्चमध्ये ठेवला होता. तो कोल्टनच्या बुटांमागे सापडला.

दुपारी

लोरेनबाईंचा फोन. आनंदात होत्या. सोमवारच्या कार्यक्रमात दुसरी खुर्ची पुन्हा सुरू करणार. मी म्हटलं, मी तयार आहे. त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या आईला दिली. हेल्वी आणि ब्रेडन! लोक वेडे होतील. तू जरा तिला माइकचं समजावून सांगशील ना, तुला तांत्रिक कळतं."

मग म्हणाल्या, "आणि तुझं पाकीट! हेल्वीने सांगितलं मला, तूही सातवा कोल्टनच म्हणाली होतीस, सगळ्यांच्या आधी. लबाड! सोमवारी आपण ते माइकवर फोडणार. कोल्टनला बोलावलंय, त्याचे आईवडीलही येतायत. तो स्वतः वाचणार आहे."

मी म्हटलं, नको. त्या म्हणाल्या, "लाजू नकोस," आणि फोन ठेवला.

त्यानंतर तीनदा केला. उचलत नाहीत. स्टेशनवर गेले. कुलूप. खिडकीतून टेबल दिसतं, टेबलावर पाकीट दिसतं. कोणीतरी त्याला निळी फीत बांधली आहे.

घरी आले तर कोल्टन परसात सौनासाठी लाकडं फोडत होता. म्हणाला, "आज शनिवार आहे. सातची पाळी तुझी. मी पेटवून ठेवतो."

संध्याकाळी

लोरेनबाईंच्या दाराखालून सरकवण्यासाठी मजकूर. चौथा खर्डा, हाच पक्का:

लोरेनबाई, १७ तारखेला दिलेलं पाकीट न उघडता परत हवं आहे. त्यातल्या मजकुरात मोजमापाची चूक आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. खुर्चीही नको. आईचा माइक मी जोडून देईन, दर सोमवारी, फुकट. फक्त पाकीट कोल्टनच्या हातात देऊ नका. कृपया उद्या, रविवार २९ जूनपर्यंत उत्तर द्यावे.

टॅरिन कोस्की