थोडी तकलीफ

२८ ऑगस्ट

व्हिसा मंजूर! इंग्लंड, एक वर्षाचं शिक्षण. अकरा सप्टेंबरला नागपूरहून दिल्ली, तिथून पुढे. आणि एकटी! आईने डोळ्याला पदर लावला, मग विचारलं, "तिथं तुले उचलन कोन?"

कोणी नाही. तेच तर शिकायचंय.

३१ ऑगस्ट

विमानातली वाट माझ्या व्हीलचेअरपेक्षा अरुंद असते. दारापासून सीटपर्यंत विमान कंपनी एक चिंचोळी खुर्ची देते. आपल्या खुर्चीतून तिच्यात, तिच्यातून सीटवर — सरकायचं आपलं आपण.

शेजारच्या अनुपदादाने अंगणात दोन बाकं लावली, मध्ये प्लास्टिकची खुर्ची. झालं विमान! पहिल्याच फेरीत धपकन खाली आले. बाबा धावले. "हात नका लावू, बाबा!" ते हात पुढे करून तसेच उभे राहिले. शेवटी सात वेळा जमलं. दंड ठणकताहेत, पण मजा आली.

३ सप्टेंबर

विहारात सत्कार झाला. बाबांनी माईक घेतला — "पोरीच्या पायाले थोडी तकलीफ आहे, बाकी काई नाई."

मी समोर व्हीलचेअरमध्ये! अख्खं आंजी गाव मला ओळखतं. पण सव्वीस वर्षं हेच वाक्य. शाळेत, बँकेत, मला पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोरही. जन्मापासून माझ्या पायांत बळ नाही, हे बाबांच्या तोंडून कधी निघालंच नाही. एरवी मी हसून सोडून देते. आज राग आला.

५ सप्टेंबर

चहा बंद. पाणी मोजून. विमानातला संडास एवढासा, तिथे सरकायला जागा नाही. तेवढे तास काढायची सवय करतेय. डोकं भणभणतंय, आईवर उगाच खेकसले.

८ सप्टेंबर

घात झाला!

ती चिंचोळी खुर्ची नक्की मिळणार ना, हे विचारायला विमान कंपनीला फोन लावला. बाई म्हणाली, "मॅडम, नोंदीत तुम्ही चालू शकता असं आहे. तुमच्या घरी विचारूनच लिहिलंय."

घरचा नंबर म्हणून मी बाबांचा दिला होता. त्यांना विचारलं.

"हो, आलता फोन. म्हटलं, चलती है, थोडी तकलीफ है."

"काऊन, बाबा?"

"खरं सांगतलं तर तुले नेनार नाईत, असं वाटलं मले."

उलट आहे सगळं! ती खुर्ची नसली तर मला विमानात चढताच येणार नाही. मी खूप ओरडले. बाबा न जेवता शेताकडे निघून गेले.

९ सप्टेंबर

चार फोन केले. नोंद बदलतो म्हणाले, पण विमानतळावर काउंटरवर पुन्हा स्पष्ट सांगा म्हणे. सांगेन! दहादा सांगेन.

बाबांना बजावलं, "काउंटरवर तुम्ही एक शब्द बोलायचा नाही." त्यांनी मान हलवली. वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

सराव — बारापैकी बारा! अनुपदादा म्हणतो, "आता विमानच आन इकडं."

११ सप्टेंबर, विमानात

बाबा आत यायचा पास काढून काउंटरपर्यंत आले होते. तिथल्या माणसाने संगणकात पाहून विचारलं, "थोडं चालता येतं ना तुम्हाला?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे सरकले. मी डोळे मिटून घेतले.

"नाई," बाबा म्हणाले. एवढ्या मोठ्याने, की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं. "माही पोरगी एक पाऊलबी चालत नाई. जन्मापासून नाई. शिकाले इंग्लंडले जाऊन राह्यली. तिची खुर्ची लिवा."