मादामच्या बरण्या

१४ मार्च, तूर
पोचले. फ्रान्समधल्या या गावाचं नाव तूर. अहोंची सेलूच्या मोंढ्यात आडत, तिथे हे कळल्यापासून तिघांनी इथला भाव विचारला.
वय बावन्न. वर्गात बाकी सगळे बाविशीचे. सहा महिने बिनपगारी रजा. कॉलेजात जूनपासून फ्रेंच सुरू करणार होते, आता दिवाळीनंतर म्हणतात. जागा एक, उमेदवार दोन. मी, आणि संस्थाचालकांचा भाचा. मला भाषा शिकवायचा पंचवीस वर्षांचा अनुभव. त्याला फ्रेंच येत नाही, पण मामा आहे. ऑगस्टअखेर माझी परीक्षा. प्रमाणपत्र हातात असलं की मामाचं काही चालणार नाही, असं मी स्वतःला सांगते.

१७ मार्च
खोलीमागे बुटकी भिंत. भिंतीपलीकडे मादाम. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. अंगणात आलुबुखाराचं झाड. भिंतीवरून बराच वेळ बोलल्या. मला कळलेले शब्द तीन. पाऊस, मांजर, आणि बहुतेक मी.
आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, फोन.
"काय खायलीस ग तिथं?"
"पाव."
"आन् सकाळी?"
"पाव."
"आजारी पडशील माय. कधी यायलीस?"
आल्याला तीन दिवस.

२ एप्रिल
मादामनी जॅमची बरणी दिली. स्ट्रॉबेरीचा. जाड काच, लाल रबरी कडं, हातानं लिहिलेली चिठ्ठी. धन्यवाद म्हणताना शब्द विसरले, नमस्कार केला. त्यांनीही केला. बरं वाटलं.

१५ एप्रिल
जॅम संपला. बरणी धुतली. रिकामी कशी द्यायची? सेलूत वाटीभर विरजण आणलं तरी वाटी चार शेंगदाणे घेऊन परत जाते. घरून आणलेली कारळाची चटणी दाबून भरली. मा.नी वास घेतला, डोळे मोठे केले. "फारच छान," म्हणाल्या.
दुसऱ्या दिवशी नवी बरणी. जर्दाळू.

९ मे
दुपारी बारा ते दोन गाव बंद. आमच्याकडेही दुकानदार दुपारी गल्ल्यामागं लवंडतो, इथे तशी पाटी लावतात एवढंच.
नदीकाठी सायकल चालवली. बावीस वर्षांनी. नदीत पाणी. सेलूची कोरडी दुधना बघत संसार केलेल्या माणसाला मे महिन्यात भरलेली नदी बघताना जरा अवघडल्यासारखं होतं.
पाववाल्याला मी काय मागितलं ते कळलं. आजचा दिवस नोंदवण्यासारखा.

११ जून
मा.ना चौथी बरणी परत. जवसाची. आमचं छान जमलंय. त्या जॅम देतात, मी चटणी. बोलणं वाढलंय. माझी क्रियापदं दुरुस्त करतात, मी त्यांच्या मांजरीला नावं ठेवते. घरून आणलेल्या चटण्या संपल्या, इथेच कुटायला सुरुवात. खलबत्ता मा.चाच.
अहोंचा फोन. भाच्यानं मोबाइलवर फ्रेंच शिकायला घेतलंय. "रोज धा मिंटं करायलाय म्हणे." दहा मिनिटं. गेल्या आठवड्यापासून मी स्वप्नात क्रियापदं चालवते.

७ ऑगस्ट
आलुबुखारं पिकली. खाली सडा. मा. उचलत नाहीत. पाववाला म्हणाला, दर वर्षी याच आठवड्यात त्यांच्या घरातून जॅमचा वास गल्लीभर येतो. यंदा नुसत्या गांधीलमाश्या. म्हातारीला बरं नाही की काय.

९ ऑगस्ट
वाक्यं पाठ करून विचारायला गेले. मा.नी हाताला धरलं. तळघरात घेऊन गेल्या.
फळीवर सात बरण्या. सातही चटणीनं भरलेल्या. कारळ, जवस, शेंगदाणा, येसर. प्रत्येकीवर तारीख आणि माझं नाव.
एकदा चमचाभर खाल्ली म्हणे. मग अर्धा तास बोलता आलं नाही. टाकणार कशा? जन्म युद्धातला, अन्न टाकत नाहीत. मला परतही देता येईना, कुणी प्रेमानं दिलेलं परत देत नाहीत. नुसतं घेणंही बरं दिसेना, म्हणून पुढचा जॅम. अशा सातही बरण्या अडकल्या. नव्या का नाही आणल्या? "या आईच्या आहेत," म्हणाल्या.
इथे जॅम भेट असतो आणि बरणी उसनी. धुऊन रिकामी आणून द्यायची, की पुढच्या मोसमाला कामी येते. एवढं सोपं. दर वेळी त्या वाट बघायच्या, ही बाई आता तरी नुसती बरणी आणील.
आणि मी समजत होते, शेजारधर्म पाळतेय. वीस वर्षं गावच्या साप्ताहिकात सदर लिहून दुसऱ्यांची खोडी काढत आले. आज स्वतःला तोंड दाखववेना.

११ ऑगस्ट
मा.ना म्हटलं, रविवारी लोक बोलवू, मी बरण्या रिकाम्या करते. म्हणाल्या, जेवायचं तीन आठवडे आधी सांगावं लागतं. म्हटलं, आमच्याकडे ताट वाढल्यावर हाक मारतात. म्हणाल्या, लोकांना अपमान वाटेल. म्हटलं, तुमची फळं कुजायलीत त्याचं काय.
पाऊण तास भांडलो. घरी आल्यावर लक्षात आलं, सगळं फ्रेंचमध्ये.

१६ ऑगस्ट, रविवार
ज्वारी नाही, कुट्टूचं, उत्तरेकडे उपासाला चालतं ते, पीठ मिळतं. थापायला घेतलं तर कडेला चिरा. तरी वीस भाकरी. वर्गातली पोरं, पाववाला, त्याची बायको, टपालवाल्या बाई. अपमान कुणालाच वाटला नाही. चटणी दह्यात कालवून दिली. हे मा.ना आधी सांगितलंच नव्हतं, चार महिन्यांत. त्यांनी दोनदा घेतली. कोरियाच्या पोरानं एकट्यानं दीड बरणी संपवली, वर विचारलं, अजून तिखट नाही का.
दुपारी चारला सात बरण्या भिंतीवर उपड्या. मा. खुर्ची टाकून त्यांच्याकडे बघत बसल्या.

१८ ऑगस्ट
झाडावर उरलेली फळं उतरवली. तांब्याची कढई, लाकडी डाव. ढवळायचं काम माझं. गल्लीभर वास.

२७ ऑगस्ट
परीक्षा. लेखी बरी. ऐकण्याची वाईट, त्यातला माणूस मालगाडीसारखा धडधडत गेला. तोंडी परीक्षेत परीक्षक माझा शेजारी झाला. त्याचा कुत्रा दिवसभर भुंकतो, त्याला समजवायचं. माहेर पालमचं, भांडण रक्तातच, वर अकरा तारखेचा सराव. शेवटी परीक्षक कुत्रा भावाकडे पाठवायला तयार झाला.
निकाल महिनाभरानं.

३० ऑगस्ट
निघाले. मा.नी आलुबुखाराच्या जॅमची बरणी दिली. दारात हात धरून म्हणाल्या, "ही रिकामी आणायची. तुम्ही स्वतः."

६ सप्टेंबर, सेलू
आत्याबाई भाकरीला जॅम लावून. "मुरंबाच की हा. कुनी केला?" सांगितलं. बरण्यांचंही सांगितलं. मादामला हसतील वाटलं होतं. मलाच म्हणाल्या, "दह्यात कालवायचं सांगितलं न्हाईस? लेकराला तरी तसं देतेत का?"
जॅम रोज चमच्यानं कमी व्हायलाय.

२१ सप्टेंबर
मुलाखत. निकाल अजून नाही. समितीत तिघे, फ्रेंच कुणालाच येत नाही. भाचा आधी आत गेला, दोन मिनिटांत बाहेर आला, मला "बोंजूर" म्हणाला. उच्चार बरा होता, लपवत नाही.
मला म्हणाले, काहीतरी बोलून दाखवा. मी पाच मिनिटं त्यांच्याबद्दलच बोलले, अगदी तपशिलात. तिघांनीही माना डोलावल्या. एक म्हणाले, "गोड भाषा आहे." प्रमाणपत्र येईल तेव्हा आणून द्या, तोवर बघू, असं ठरलं. "बघू"चा अर्थ परभणी जिल्ह्यात सगळ्यांना येतो.
घरी आले. बरणी काल संपली होती, धुऊन ओट्यावर ठेवली होती. ओट्यावर नाही. फळीवर सापडली, कारळाच्या चटणीनं गच्च भरलेली. वर चिठ्ठी, आत्याबाईंच्या अक्षरात. 'दह्यासंगं खाणे.'
म्हटलं, आत्या, ती रिकामीच न्यायची होती. सांगितलं होतं तुम्हाला.
"असू दे. परक्याचं भांडं रिकामं देतेत व्हय?" मग जरा थांबून, "कधी जायलीस?"