घरच्या माणसाचा नंबर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बाहत्तर, निवृत्त प्राध्यापक, विधुर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा वैद्यकीय दाखला सोबत जोडला आहे. त्यात 'रक्तदाब वाढलेला' अशी नोंद आहे. तो रागाचा आहे. राग म्हणजे वेड नव्हे.

१. बँकेतील सर्व ठेवी व घराचा वरचा मजला माझ्या मुलीस मिळावा. याबाबत खुलाशाची गरज नाही.

२. माझ्या मेहुण्यास लोखंडी शिडी द्यावी. ती कैक वर्षे त्यांच्याकडेच आहे, तेव्हा पोहोचवण्याची तोशीस नाही. त्यांची बहीण, म्हणजे माझी पत्नी, गेली त्या दिवशी ते मला म्हणाले, "दाजी, नशीबच तिचं. कुणाला बोल लावणार?" बोल कोणाला लावायचा ते पुढील कलमात लिहिले आहे.

३. माझी पत्नी सार्वजनिक दंत दवाखान्यात परिचारिका होती. दारातली रांग तीच लावी आणि कोणालाही नंबर मोडू देत नसे. तिची स्वतःची दाढ सुजली, तेव्हा ती त्याच रांगेत शेवटी उभी राहिली. दंतवैद्यांनी दारातून मान बाहेर काढून म्हटले, "ताई, तुम्ही काय, घरच्याच! आधी बाहेरची माणसं उरकू." ती म्हणाली, "उरका की. मी कुठे पळून चालले?" दुसऱ्या दिवशीही तेच. मी भांडायला निघालो, तर म्हणाली, "अहो, बसा गप्प. लोक म्हणतील, रांग लावणारीच मध्ये घुसली." सूज गळ्यात उतरली. मोठ्या रुग्णालयात पोहोचण्याआधीच तिचा श्वास अडला. ज्याला घरचे म्हणायचे त्यालाच शेवटी तपासायचे, ही आपुलकी नव्हे; हा निर्लज्ज आळस आहे.

४. दवाखान्यास जागा सोडण्याची नोटीस आलेली आहे. दुसरी जागा न मिळाल्यास तो बंद पडेल. पडू दे, असे मला आजही वाटते. परंतु नोटीस आली त्या दिवशी पत्नी हयात होती आणि ती म्हणाली होती, "आपल्या खालच्या खोल्या रिकाम्याच आहेत की." म्हणून तळमजला दवाखान्यास देत आहे, वापर आजपासून, मालकी माझ्या पश्चात. मुलगी म्हणाली, "बाबा, रागारागात घर देतं का कुणी?" देतात. अट एकच: ज्याच्या चेहऱ्यावर सूज, त्याला सर्वांआधी आत घ्यावे, तो दवाखान्याच्या पगारावर असला तरीही. अट मोडल्यास मुलीने विनाविलंब कुलूप लावावे. माझ्या पत्नीचा फोटो भिंतीवर टांगू नये, कोणाचेही भाषण ठेवू नये. हळहळण्याची वेळ त्यांनी गमावली आहे.

५. दंतवैद्यांना मी क्षमा केलेली नाही. साक्षीस मुद्दाम त्यांनाच बोलावले आहे. या कागदातून त्यांना वैयक्तिक लाभ नाही, त्यामुळे कायद्याची हरकत नसावी.

हे सर्व मी वाचले, मला समजले, आणि यातील एकही शब्द सौम्य करण्याची माझी इच्छा नाही.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ जून

मृत्युपत्र करणार: (सही)
साक्षीदार पहिले: शेजारचे चष्मेवाले (सही)
साक्षीदार दुसरे: दवाखान्याचे दंतवैद्य (सही)

तळटीप: सही करून दंतवैद्यांनी विचारले, "सर, दवाखान्याची खुर्ची इकडे केव्हा हलवू?" मी सांगितले, "उद्या सकाळी. दार उघडेन. 'या' म्हणणार नाही."