फोनवरून काढलेली दृष्ट

प्रिय स्वप्नाली,

फोन सोडून वहिनीला पत्राची हुक्की आली म्हणून हसशील. हस, पण शेवटपर्यंत वाच. तू हरिओमरावांबरोबर गेलीस तेव्हापासून घरातला प्रत्येक फोन तुझे दादा तपासतात. (हो, हरिओमराव. मेंढरं राखणाऱ्यांच्या पोराला या घरात राव म्हणणारी मी एकटीच.)

गिऱ्हाइकांसाठी तू शिवणकामाचं इन्स्टाग्राम उघडं ठेवतेस. आईंना ते बघायचं होतं, पण माझ्या खात्यावरून बघितलं तर दादांना कळणार. मग माझ्या भावाने, सत्यमने, एक निराळी साइट सांगितली. तिथे खातं लागत नाही, तुझं नाव टाकलं की फोटो समोर, आणि बघणाऱ्याचं नाव कुठेच उमटत नाही. दुपारी दादा बाहेर पडले की आई पदराने चष्मा पुसून शेजारी बसायच्या. "असला गळा कोन घालतं गं?" म्हणून नाक मुरडायच्या आणि तोच फोटो परत लावायला सांगायच्या.

मग बाळाचा फोटो आला. आईंना काय करू नि काय नको झालं. मीठ-मिरच्या आणून त्यांनी फोनवरूनच बाळाची दृष्ट काढली. मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. तेवढ्यात दादा दारात. मी पान मिटलं, पण काचेवर मिठाचे खडे तसेच राहिले. "फोनची दिष्ट कावून काढतीस, आई?" "लई बिघडतुय म्हनून," आई म्हणाल्या. मला वाटलं, सुटलो.

पण दादांना ते पटलं नव्हतं. घरातल्या फोनची कामं सत्यम करतो, म्हणून त्यांनी त्यालाच गाठलं. तो घाबरून सगळं बोलला. आता त्याचा फोनही दादांकडे आहे. तू त्यांना ब्लॉक केलंस म्हणून निर्धास्त असशील, पण त्या साइटला ब्लॉक कळत नाही गं. आईंसाठी शोधलेल्या वाटेने आता तेही येतात. जेवताना तुझे फोटो बोटांनी मोठे करतात आणि "घावू दे एकदा" एवढंच म्हणतात. आईंना घास जात नाही. मला फार भीती वाटते.

मावशीकडे म्हणून पाटोद्याला आले, ती या पत्रासाठी. तुझा पत्ता मला कुणी दिलेला नाही. बाळाच्या फोटोत मागे शेजारच्या दुकानाची पाटी आहे, तिच्यावर खाली गल्ली आणि गाव बारीक अक्षरांत आहे. दादांची नजर अजून बाळाच्या तोंडावरच थांबते, नाक आपल्या घरचं आहे ना. ती नजर केव्हा मागे जाईल सांगता येत नाही. मी पाटीवरूनच पाकिटावर पत्ता घातला आणि तो चुकीचा निघू दे, असं म्हणत पेटीत टाकतेय. पत्र तुझ्या हाती पडलं असेल, तर पत्ता बरोबर आहे. बाळाला घे आणि आजच ते घर सोड.

तुझीच,
सुकन्यावहिनी